अडीच तोळे पीठ

माझी मोठी जाऊ गेली तेव्हा तिची मुलगी अकरा दिवसांची होती. बाळंतपणाच्या चौथ्या दिवशी ताप भरला तो उतरलाच नाही. तिला अंगणातून नेलं आणि घरात आम्ही तिघं उरलो. माझी सासू, माझे मोठे दीर आणि मी. चौथी ती मुलगी, पण तिला अजून कुणी घरातलं माणूस म्हणून धरत नव्हतं.

घर जानेफळातलं. शेती बरी होती, बैलांच्या दोन जोड्या होत्या, खाऊनपिऊन सुखी म्हणतात तसं. माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. नवरा खामगावला कापसाच्या जिनात इंजिनावर कामाला होता. तो पोळ्याला यायचा, दिवाळीला यायचा, आणि हंगाम संपला की आठ-दहा दिवस. गेला की त्याच्या सदऱ्याचा तेलकट वास दोन दिवस दांडीपाशी राहायचा, मग तोही जायचा. घरात मला बोलायला होती ती ही जाऊ. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, हसायला लागली की हातातलं लाटणं खाली ठेवायची. ती गेल्यावर दुपारचं काय करायचं, हे मला कळेना. कामं सगळी उरकायची, आणि दिवस उरायचा.

नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडे भासरे म्हणतात. त्यांच्याशी धाकट्याच्या बायकोनं समोर बोलायचं नसतं. ते अंगणात आले की मी पदर ओढून आत जायची. काही सांगायचं असलं तर दाराआडून सासूला सांगायचं, थोडं मोठ्यानं, म्हणजे त्यांना ऐकू जाईल. तेही उत्तर आईलाच द्यायचे. जाऊ होती तेव्हा हे सगळं ती करायची. आता आमच्या दोघांमध्ये सासूशिवाय कुणी नव्हतं, आणि सासू दिवसाला दहा शब्द बोलायची.

मुलीला पहिला दीड महिना शेजारणीनं पाजलं. तिचा स्वतःचा मुलगा अंगावर होता. सकाळ-संध्याकाळ ती यायची, ओसरीत बसून हिलाही घ्यायची. मग तिचा भाऊ तिला माहेरी घेऊन गेला. घरी गाय होती, पण तिचं दूध जड म्हणतात, म्हणून मी शेळीचं आणलं आणि बोंडल्यानं पाजायला लागले. दूध किती, पाणी किती, कुणी सांगितलं नव्हतं. भूक लागली की द्यायचं, एवढंच मला ठाऊक. आठ दिवसांत तिला हगवण लागली. डोळे आत गेले.

सासूला मी आत्याबाई म्हणायची. त्या चुलीपाशी बसून मला म्हणाल्या, "जीव लावू नको, बाई. मी चार पोरं मातीत ठेवली. जानाऱ्याले जीव लावला तं आपलाच तुटते."

त्यात वाकडं काही नव्हतं. त्यांना जे ठाऊक होतं ते त्या मला देत होत्या. पण मांडीवर तिचं डोकं होतं आणि टाळू धडधडताना दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भासरे ओसरीत बसून वहाणेचा तुटलेला अंगठा बांधत होते. मी मुलीला त्यांच्यापासून दोन हातांवर, उघड्या घोंगडीवर आणून ठेवलं आणि दाराआड उभी राहिले.

"आत्याबाई, मेहकरच्या दवाखान्यात नेलं तं वाचन, असं मले वाटते."

मुलगी रडलीही नाही, तेवढी ताकद तिला नव्हती. भासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. माझ्या समजुतीप्रमाणे ती जन्मल्यापासून त्यांनी तिच्याकडे पहिल्यांदा पाहिलं. अंगठा तसाच सोडून ते उठले आणि दमणीला बैल जुंपले.

मेहकर सहा-सात कोस. सगळा रस्ता ते पुढे बसून होते, एकदाही मागे वळले नाहीत. पण खड्डा आला की बैल हळू करत होते.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर पुण्याकडचे असावेत. बोलणं शाळेतल्या पुस्तकासारखं.

"हिची आई कुठे आहे?"

"गेली."

"मग तुम्ही कोण?"

"काकू."

"दूध किती देता?"

"वाटीभर. कधी अर्धी वाटी."

"वाटी केवढी?"

मी हातानं दाखवली. ते हसले नाहीत. म्हणाले, "वाटी हे माप नव्हे, बाई. जितकी घरं तितक्या वाट्या. तुम्हाला वाचता येतं?"

मी म्हटलं, चौथी पास आहे. तेव्हा त्यांनी मला मान वर करून नीट पाहिलं आणि कागद ओढला. गाईचं दूध दोन औंस, उकळून निवलेलं पाणी एक औंस, साखर चिमूटभर, दर तीन तासांनी. औंस हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते. कंपाउंडरनं मला काचेची एक बाटली दिली. तिच्या अंगावर कागदाची उभी पट्टी चिकटवली होती आणि पट्टीला करवतीसारखे दाते कापले होते. एक दाता म्हणजे एक औंस. कंपाउंडर इकडचाच होता. मी उभीच राहिलेली पाहून तो म्हणाला, "घाबरू नका. औंस म्हणजे अडीच तोळे समजा. धुतांना पट्टी निघन, तवा आधीच काही निशानी करून ठेवा."

मी घरी आल्याबरोबर पहिल्या दात्यापाशी बाटलीला काळा दोरा घट्ट गुंडाळून गाठ मारली. दुसऱ्या दात्यापाशी दुसरा. तिसऱ्या दिवशी पट्टी खरंच निघाली, दोरे राहिले.

त्या बाटलीनं मुलगी वाचली. हगवण थांबली, दोन महिन्यांत तिच्या मनगटाला वळी पडली. आत्याबाई येता-जाता नुसत्या बघायच्या. एकदा मात्र मी न्हाणीत होते आणि ती रडत होती, तर त्यांनीच दोऱ्यापर्यंत दूध मोजून पाजलं. मला म्हणाल्या, "ते वरच्या काया दोऱ्यापर्यंतच न?" मी म्हटलं, "हाव."

पावसाळ्याच्या तोंडी आम्ही पुन्हा मेहकरला गेलो. डॉक्टर म्हणाले, आता चार महिने काळ्या जमिनीतून तुमची गाडी येणार नाही. दूध कमी पडलं तर पेज द्या. त्यांनी लिहून दिलं: तांदळाचं भाजलेलं पीठ एक औंस, पाणी दहा औंस, चांगलं शिजवून, दिवसातून तीनदा. मी कागद घडी करून चोळीत ठेवला. विचारायला काही उरलं आहे असं मला वाटलंच नाही. औंस मला आता येत होता.

आषाढ लागला आणि गाय आटली. गावात दूध मिळेना, जे मिळे ते वाटीभर. मी पेज सुरू केली. तांदूळ धुऊन, वाळवून, भाजून, जात्यावर बारीक दळलं, चाळलं. बाटली कोरडी केली, पहिल्या काळ्या दोऱ्यापर्यंत पीठ भरलं. मग पाणी त्याच दोऱ्यानं दहा वेळा. कागदावर होतं त्यात मी एका कणाचाही फरक केला नाही.

आणि मुलगी वाळायला लागली.

आजार म्हणावा असं काहीच नव्हतं. ताप नाही, हगवण नाही. दिलेलं सगळं प्यायची आणि बोंडलं काढलं की तोंड उघडं ठेवून बघत राहायची. पंधरा दिवसांत मनगटाची वळी गेली. महिन्यात मानेची कातडी सैल झाली. शेजारच्या बायका येऊन बघून जायला लागल्या. मूल जाणार असलं की बायका कशा बघायला येतात, ते मी जाऊच्या वेळी पाहिलं होतं. पायरीशी थांबतात, आत येत नाहीत, बोलताना आवाज उतरवतात.

मी कागद रोज काढून वाचायची. अक्षर न् अक्षर तेच. रस्ते चिखलानं बंद, नवरा खामगावला. त्याला पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. घरात तीन माणसं होती आणि त्यांपैकी कुणालाही मी विचारू शकत नव्हते. एकीला पोर जाणार हे आधीच ठाऊक होतं, एकाशी मी बोलू शकत नव्हते, आणि तिसरीला बोलता येत नव्हतं.

शेवटी आत्याबाईच बोलल्या. पेज ढवळताना माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कागद तं शहान्याचा हाय. मग पोरगी काऊन सुकून राह्यली?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात दिवसभर राहिला. कागद बरोबर, डॉक्टर बरोबर, पाणी बरोबर. मग राहिलं ते पीठ, आणि पीठ भरणारी मी. संध्याकाळी भांडी घासताना कंपाउंडरचं ते बोलणं आठवलं. औंस म्हणजे अडीच तोळे. तोळा म्हटलं की आमच्या गावात एकच माणूस.

सोनाराचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. म्हातारा, जाड भिंगांचा चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला. जाऊची जोडवी त्यानंच घडवली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाईंचा डोळा लागला तेव्हा मी मुलीला पदराखाली घेतलं, बाटली घेतली, पिठाची पुरचुंडी घेतली आणि निघाले. आमच्या घरच्या सुना अशा दुपारच्या एकट्या कुणाच्या दुकानात जात नसत. रस्त्यात कुणी भेटलं नाही, हे नशीब.

"काय आनलं, बाई? मोडीचं सोनं?" त्यानं विचारलं.

"पीठ."

त्यानं चष्मा वर केला. मी सगळं सांगितलं, भरभर, एका दमात. इतकं मी कुणाशी कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. तो हसेल असं मला वाटत होतं. त्यानं काटा पुढे ओढला, पारड्यावर फुंकर मारली.

आधी रिकामी बाटली ठेवली आणि दुसऱ्या पारड्यात वाळू टाकून काटा सारखा केला. मग म्हणाला, "पानी भर. दोऱ्यापर्यंत." मी भरलं. त्यानं वजनं टाकली. दोन तोळे, मग अर्धा. काटा मधोमध उभा राहिला.

"अडीच. तुहा कंपाउंडर खोटं नाही बोलला. आता हे कोरडं कर अन् पीठ भर."

मी बाटली पुसून कोरडी केली. पीठ भरलं, दोऱ्याशी सारखं केलं. त्यानं अडीच तोळे टाकले तर बाटलीचं पारडं वर उडालं. अर्धा काढला, एक काढला, पाव टाकला. "सव्वा तोळा," तो म्हणाला. "दोन गुंजा कमीच."

मी पुन्हा करायला सांगितलं. त्यानं पुन्हा केलं. सव्वा तोळा.

"बाई, माप एक हाय, माल दोन हाय," तो म्हणाला. "लोखंड अन् कापूस एका टोपल्यात सारखाच भरन, पन उचलून पाह्य बरं. डागदरानं लिहिलं ते वजन हाय. तू भरलं ते माप."

मग त्यानं बाटलीतलं पीठ काडीनं ठोकून खाली बसवलं. ते दोऱ्याच्या खाली गेलं. "पाह्यलं? दाबलं का आनखी मावते. चाळलं का कमी. म्हनून आमी सोनं मापानं नाही देत."

मला पुढचं काही ऐकू आलं नाही. म्हणजे महिनाभर, तीन वेळा रोज, मी तिला निम्मं खाऊ घातलं होतं. ती तोंड उघडं ठेवून बघत होती ते काय मागत होती, ते मला आता कळलं. हातानं भरवून मी तिला उपाशी ठेवलं होतं, आणि कागदाकडे बघत ठेवलं होतं.

सोनारानं माझ्याकडे पाहिलं नाही. तो काटा पुसत बसला. मी डोळे पुसले असतील एवढा वेळ जाऊ देऊन म्हणाला, "घरी कलदार रुपये हाय का? न घासलेला घे. एक रुपया एक तोळा. अधेली अर्धा तोळा, पावली पाव. इथं यायचं काम नाही तुले."

मुलीला एकदम अडीच तोळ्यांची पेज झेपली नाही. पहिल्या दिवशी ओकली. मग मी दीड तोळा दिलं, चार दिवसांनी पावणेदोन, मग दोन. तिसऱ्या आठवड्यात अडीच तोळे पीठ शिजवलं आणि तिनं ते सगळं संपवून ढेकर दिला. पोळ्याला नवरा आला तेव्हा ती माझ्या मांडीवर बसून बैलांच्या घुंगरांकडे हात करत होती. त्यानं बॅग खाली ठेवली आणि विचारलं, "हे कोनाचं लेकरू?" थट्टाच होती. पण मी उत्तर द्यायला थोडी थांबले, ते माझं मलाच जाणवलं.

सोनाराकडून आले त्याच दिवशी मी पेजेसाठी तराजू केला होता. नारळाच्या दोन करवंट्या, सुतळी आणि तुरीची सरळ काडी. लग्नात तोंड पाहून दिलेले सात रुपये आणि थोड्या अधेल्या-पावल्या माझ्या पेटीत होत्या, त्या वजनं झाल्या. नवरा गेल्यावर दुपारी मुलगी झोपली की मी एक-एक जिन्नस आणून त्याच काळ्या दोऱ्यापर्यंत भरायची आणि तोलायची. ज्वारीचं पीठ, गव्हाचं पीठ, तुरीची डाळ, मीठ, तीळ, तिखट, किसलेला गूळ, करडीचं तेल. शाळेतली जुनी वही होती, तिच्या उरलेल्या पानांवर लिहायची. तेल पाण्यापेक्षा हलकं भरतं, गूळ जड, भरडं मीठ आणि बारीक मीठ एकाच मापात वेगळं. याची घरात कुणाला गरज नव्हती. मला होती. जाऊ गेल्यापासून त्या वेळेला मी छताकडे बघत पडलेली असायची. आता काडी सारखी होते की नाही हे बघत बसायची, आणि ती सारखी झाली की कुणीतरी हो म्हटल्यासारखं वाटायचं.

एका दुपारी आत्याबाई मागे उभ्या होत्या. रुपयांना पीठ लागलेलं पाहून म्हणाल्या, "लक्ष्मीले पिठात लोळवून राह्यली?" मी घाईघाईनं गोळा करायला लागले तर त्या खाली बसल्या. डाळीच्या टोपल्यात हात घातला, मूठ काढली आणि करवंटीत सोडली. "हे किती, पाह्य."

साडेचार तोळे. त्यांनी परत टाकली, पुन्हा मूठ काढली. साडेचार. तिसऱ्यांदा काडी चवलीभर, म्हणजे अर्ध्या पावलीइतकी झुकली, तेवढाच फरक.

"चाळीस वर्सं याच मुठीनं घातलं," त्या म्हणाल्या. हात झटकला आणि उठल्या. त्या घरात मला त्यांच्याशेजारी बसल्याचं सुख मिळालं ते तेवढंच.

मुलगी दीड वर्षाची झाली तेव्हा मला माय म्हणायला लागली. आत्याबाईंनी लगेच सांगितलं, "काकू म्हनाले लाव तिले. मागून जड जाईन." मी लावायची. तिच्यासमोर बसून काकू, काकू म्हणायची. ती माझ्या तोंडाकडे बघून हसायची आणि म्हणायची, माय.

त्याच वर्षी भासऱ्यांचं दुसरं लग्न झालं. नवरी साखरखेर्ड्याकडची. वयानं माझ्याहून लहान, गरीब स्वभावाची. तिच्याबद्दल वाईट बोलावं असं मला आजही काही सापडत नाही. तिच्या वडिलांना मुलगा नव्हता, जमीन होती. दीड वर्षानं त्यांचे हातपाय थकले आणि त्यांनी जावयाला बोलावून घेतलं. भासरे निघाले. बायको निघाली. आणि मुलगी त्यांची होती.

नवरा त्या वेळी घरी होता. मी त्याला म्हटलं, तुम्ही भावाशी बोला. त्यानं थोडा वेळ खाटेच्या दोऱ्या ओढत घालवला. म्हणाला, "काय बोलू? तिचा बाप हाय तो. आपन तिले वाढवलं, ठीक. पन ती आपली नव्हे."

"मले माहीत हाय."

"मग?"

मग काही नाही. मी तिची झबली-परकर धुऊन घडी केले.

निघायच्या सकाळी नवी जाऊ माझ्याकडे आली. तिला खरंच काळजी होती. "बाई, तिचं खान्यापिन्याचं कसं करता, ते सांगा मले. तुमी लिहून ठेवलं म्हनतात."

मी वही आणायला उठलेसुद्धा. आणि दारात थांबले. मुलगी तीन वर्षांची झाली होती. अंगणात उभी राहून भाकरीचा पापुद्रा आणि हिरवी मिरची खात होती. तोळे नाहीत, औंस नाहीत, पेज नाही. कितीतरी दिवसांपासून मी काही मोजलंच नव्हतं आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"सगळं खाते," मी म्हटलं. "तिखट जास्त झालं तं गूळ मागते."

"बस?"

"बस."

तिला द्यावं असं माझ्याजवळ तेवढंच होतं. गाडीत बसताना मुलगी खूश होती. तिला वाटलं मीही बसणार. गाडी वेशीवरच्या आंब्यापर्यंत गेली तेव्हा तिला कळलं असावं, कारण तिथून तिचा आवाज आला. भासऱ्यांनी बैल थांबवले नाहीत. थांबवले असते तर आम्हां दोघींनाही ते जास्त जड गेलं असतं. हे मला आज समजतं.

आत्याबाई त्यानंतर वर्षभर होत्या. त्या गेल्यावर नवऱ्यानं मला खामगावला नेलं. जमीन अर्ध्यानं लावली. जिनाच्या मागे कामगारांच्या खोल्या होत्या, त्यात वरच्या मजल्यावर एक आमची. हंगामात कापसाचा भुगा दारातून आत येऊन भांड्यांवर बसायचा. नवरा इंजिनापाशी बारा-बारा तास. खाली-वर बायका होत्या, बोलायच्या. कुणाचं मूल दूध पचवत नसलं तर मी सांगायची, दाखवायची, आणि त्यातली दोन-तीन मुलं बरी झालेली मला माहीत आहेत. पण मूल बरं झालं की ते आपल्या घरी जायचं. मला मूल झालं नाही.

साखरखेर्ड्याहून पत्र येण्याचं कारण नव्हतं. लिहिणारं तिथं कुणी नव्हतं. माणसांच्या तोंडी कळायचं. पाठीवर दोन भाऊ झाले. शाळेत जाते. शाळेतून काढली. मी दोनदा निरोप पाठवला की सुट्टीत पाठवा. दोन्ही वेळेला काही ना काही निघालं, एकदा पेरणी, एकदा धाकट्याचा गोवर.

ती बारा-तेरा वर्षांची असताना भासरे एका वर्षी कापूस घेऊन खामगावच्या बाजारात आले. बरोबर तिला आणलं होतं, शहर दाखवायला. दुपारी दारात बांगड्या वाजल्या आणि मी पाहिलं तर गेलेली जाऊच उभी. तेच कपाळ, तीच उभं राहायची तऱ्हा. भासरे जिन्याच्या खालच्या पायरीवर, पाठ करून.

"काकू," ती म्हणाली, आणि वाकून पाया पडली.

मी तिला आत घेतलं. भाकरी, तुरीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी. ती लाजत लाजत जेवली, मग लाज गेली आणि पोटभर जेवली. भासऱ्यांचं ताट मी जिन्यावरच्या कट्ट्यावर ठेवलं आणि आत आले. ते जेवल्याचा आवाज येत होता.

"तुले जानेफळचं घर आठवते?" मी विचारलं.

"आंबा आठवते," ती म्हणाली. "अन् एक पांढरी गाय होती. होती न?"

"होती."

"मी लय बिमार होती म्हनतात. तुमी मले दवाखान्यात नेलं."

"तुह्या बाबानं नेलं. मी मागं बसली होती."

तिनं डोळे मोठे केले. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मला आणखी पुष्कळ सांगता आलं असतं. तो महिना सांगता आला असता, निम्म्या पिठाचा. पण ती बाराची होती, तिच्या हातावर बाजारात घेतलेल्या नव्या बांगड्या होत्या, आणि ती त्या मोजत होती. मी विचारलं, "बांगड्या कितीच्या घेतल्या?" आणि ती बाजाराबद्दल सांगत सुटली.

तासाभरानं खालून खाकरण्याचा आवाज आला. ती उठली. तिच्या पायातली वहाण सापडेना, ती दोघींनी दारात शोधली. भासरे जिन्याच्या मध्यावर आले होते, तोंड भिंतीकडे. आमच्यात मध्ये बोलायला आता कुणी नव्हतं. आत्याबाई नव्हत्या, नवरा इंजिनावर होता. ते मुलीला म्हणाले, थोडं मोठ्यानं, म्हणजे मला ऐकू जाईल, "काकूच्या पाया पड."

"आली तवाच पडली, बाबा."

"आनखी एकदा पड."

"दोनदा कशाले?"

तोवर ते खाली उतरले होते. ती माझ्याकडे बघून हसली, बापाचं काही कळत नाही असं, आणि वाकली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा पोलक्यातून तिच्या पाठीचं हाड लागलं नाही, सगळीकडे मांस होतं. मग ती दोन-दोन पायऱ्या टाकत गेली.

मी कठड्याशी जाऊन पाहिलं. त्यांची बैलगाडी बाजारातल्या गाड्यांमध्ये शिरली. तिचा हात एकदा वर झाला, पण तो मला होता की बांगड्या बघायला, ते तेवढ्या लांबून कळलं नाही. खाली आंघोळीच्या दगडापाशी एक बाई कपडे आपटत होती. तिनं विचारलं, "कोन होतं, बाई?"

मी म्हटलं, "पुतनी."

आणि कट्ट्यावरचं ताट उचलून घासायला खाली उतरले.